पालकांसह नदीकाठची निसर्गसहल

नदीकाठच्या गावांतील पुष्कळ मुलांना गंगेचा उगम कोठे होतो हे अचूक सांगता येते. परंतु गावाखालून वाहणारी नदी कोणत्या डोंगरातून येते व पुढे कोणत्या नदीस मिळते, असे विचारले असता ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातील चित्रात नदी निळी असते आणि तिच्या दोन्ही तीरांवर हिरवळ असते. गावची नदी माघ महिन्यात काळ्या कातळातून बारीक धारेने वाहत असते. चित्रातली आणि ही, दोन्ही नद्याच होत, हे मुलाच्या मनावर ठसावयाचे तर त्याला पाण्याकाठी नेले पाहिजे.

शाळांच्या सहली दरवर्षी निघतात. एखादा किल्ला, एखादे देवस्थान आणि एखादे धरण एका दिवसात पाहून मुले रात्री उशिरा परततात, आणि दुसऱ्या दिवशी निबंधात खाऊचेच वर्णन अधिक असते. अशा सहली निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु येथे जिचा विचार करावयाचा आहे ती सहल निराळी आहे. ती तीन तासांची असते, शक्यतो पायी होते, आणि तीत प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या घरचे एक वडीलधारे माणूस असते. आई, वडील, आजोबा, आजी, चुलता, कोणीही चालेल.

वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावयाचे ते केवळ मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी, असा समज होण्याचा संभव आहे. मुख्य हेतू तो नव्हे. पालकसभेत जो बाप मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो, ज्याला मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही संकोच वाटतो, त्या बापाला नदीचा डोह कोठे आहे, उतार कोठे आहे, कोणत्या दगडावर पाय निसटतो हे ठाऊक असते. मूल चौथीत जाईपर्यंत त्याच्या मनात एक कल्पना घर करू लागते, की ज्ञान तेवढे शाळेत असते आणि घरी अडाणी माणसे असतात. ही कल्पना कोणी शिकवीत नाही. ती आपोआप रुजते, आणि ती उपटून काढणे कठीण असते. नदीकाठी एका सकाळी ती थोडी सैल होऊ शकते. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली, तेव्हा शाळाच मुलांच्या जागी गेली होती. येथेही जागा पालकांची असते. शिक्षक तेथे पाहुणा असतो.

उदाहरणादाखल कुकडी नदी घेऊ. ती जुन्नर तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत, नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते. तेथे पूर या गावी कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. पूर्वेकडे वाहत ती पुढे घोड नदीस मिळते आणि घोड भीमेस मिळते. वाटेत ती काही अंतर पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या दोन जिल्ह्यांची सीमा होते. या सीमेवर एका काठास पारनेर तालुक्यातील निघोज आणि दुसऱ्या काठास शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी ही गावे आहेत. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरे असून मधल्या पात्रात, काळ्या कातळात, नदीने लहानमोठे असंख्य खळगे कोरलेले आहेत. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना रांजणखळगे म्हणतात. गावकरी कुंड म्हणतात. काही खळगे ओंजळीएवढे, तर काही माणूस उभा बुडेल एवढे खोल आहेत. दुरून आलेले प्रवासी ते पाहून छायाचित्रे काढतात व जातात. आसपासच्या शाळांना ते पायाखाली असूनही पाठात क्वचितच येतात.

सहलीपूर्वी शिक्षकाने एकट्याने, किंवा गावातील पोहणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसास बरोबर घेऊन, जागा पाहून यावी. ही पाहणी टाळण्याजोगी नाही. कोठून उतरावयाचे, कोठे थांबावयाचे आणि कोणत्या रेषेच्या पुढे कोणीही जावयाचे नाही हे त्याच वेळी ठरवावे. काळ माघाचा बरा. पाणी उतरलेले असते, ऊन सोसवते, हिवाळी पाहुणे पक्षी अद्याप गेलेले नसतात, आणि रब्बीच्या कामातून सकाळचे तीन तास काढणे पालकांना अगदीच अशक्य नसते. रविवारी सकाळी साडेसातला निघून साडेदहाच्या आत परतावे. बारा ते पंधरा कुटुंबांहून अधिक मंडळी एका वेळी नेऊ नयेत. सामान थोडेच लागते : वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, झाकणाची एक रिकामी काचेची बरणी, मोजपट्टी, आणि विहिरीवर वापरतात तसा वीस-पंचवीस हातांचा मजबूत सोल. सोल विसरू नये.

पाण्याच्या धोक्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. रांजणखळग्याची कड पाण्याने घासून गुळगुळीत झालेली असते व तीवर शेवाळ असते. आतील भिंती पुष्कळदा तोंडापेक्षा खाली अधिक रुंद असतात. त्यामुळे आत पडलेल्या माणसास, त्याला पोहता येत असले तरी, धरावयास आधार सापडत नाही. काही खळगे आतून एकमेकांस जोडलेले असतात. वरून शांत दिसणारे पाणी खाली ओढते. पोहता न येणारा भाऊ बुडणाऱ्या भावासाठी उडी घेतो आणि एकाऐवजी दोघे जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. म्हणून निघण्यापूर्वी शाळेच्या पटांगणातच मुलांना व मोठ्यांनाही एक गोष्ट करून दाखवावी : कोणी पाण्यात पडल्यास उडी घ्यावयाची नाही, काठावर पालथे पडून सोल, काठी, धोतर, साडीचा पदर, जे हाती असेल ते त्याच्याकडे टाकावयाचे व ओरडून माणसे बोलवावयाची. बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगणे, गरगरा फिरविणे किंवा त्याचे पोट दाबून पाणी काढणे हे जुने उपाय घातक आहेत. त्यात अमोल वेळ जातो. श्वास बंद असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छातीच्या मध्यावर दाब देत राहावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक गोष्ट अशी. पारनेर तालुका पर्जन्यछायेतील आहे, तर कुकडीचा उगम भरपूर पावसाच्या घाटमाथ्यावर आहे. निघोजला आकाश निरभ्र असताना वर पडलेल्या पावसाने नदी चढू शकते. शिवाय कुकडीवर माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत. धरणातून नदीत पाणी सोडले गेले, तर कोरड्या दिसणाऱ्या कातळावर पाणी येण्यास फार वेळ लागत नाही. सहलीच्या आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याच्या जवळच्या कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करावी. ही चौकशी मुलांसमक्ष केली तर तोही एक पाठच होतो, कारण आपल्या नदीचे पाणी कोणाच्या तरी हातातील चक्राने सुटते किंवा थांबते हे त्यांना प्रथमच कळते.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळू. काठावर पोहोचताच पुष्कळ शिक्षकांना व्याख्यान देण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिली पाच मिनिटे सर्वांनी काहीही न बोलता उभे राहावे आणि नंतर मुलांनी काय काय ऐकले ते सांगावे. पाण्याचा आवाज सर्वच सांगतील. एखादीच मुलगी सांगेल की उथळ पाण्याचा आवाज निराळा आणि कातळातून उडी घेणाऱ्या पाण्याचा निराळा. त्यानंतर शिक्षकाने प्रश्न विचारावा, परंतु तो मुलांस विचारून उत्तर मोठ्यांकडून आणवावे. ‘नदीच्या या जागेला तुमच्या घरी काय म्हणतात?’ एवढा साधा प्रश्न पुरतो. मग शब्द येऊ लागतात. डोह, धार, उतार, भोवरा, थडी, दरड, मळई, पाणवठा. पुस्तकात नदीचे पात्र, तीर आणि प्रवाह एवढेच शब्द असतात. घरात त्याहून कितीतरी अधिक असतात. पूर ओसरल्यावर राहिलेल्या गाळाच्या जमिनीत पीक घेण्यास गाळपेर म्हणतात, हे एखादे आजोबा सांगतील आणि त्या जमिनीवर किती भांडणे झाली तेही सांगतील. तेही लिहून घ्यावे. भोई समाजाचे कोणी बरोबर असेल तर पाण्याच्या रंगावरून खोली कशी ओळखतात हे त्यास अवश्य विचारावे. मुलांनी प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचे नाव लिहावे. आपल्या आईचे नाव वहीत ‘सांगणारी’ म्हणून लिहिताना मूल जरा सावरून बसते, हे पाहण्याजोगे असते.

खळग्यांपाशी मात्र शिक्षकाची तयारी हवी. हा कातळ बेसाल्ट जातीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा रस बाहेर येऊन थरावर थर पसरला व थंड झाला. महाराष्ट्राचा फार मोठा भाग अशा थरांचा बनलेला आहे. खळगे मात्र त्या मानाने पुष्कळच अलीकडचे आहेत. कातळाचे वय आणि खळग्याचे वय यांत मुले हटकून गल्लत करतात, आणि काही माहितीफलकही करतात. पात्रात कोठे लहानशी खाच किंवा भेग असली म्हणजे पुराचे पाणी तेथे गरगर फिरू लागते. त्या भोवऱ्यात गोटे सापडतात. पाणी त्यांना फिरवते, गोटे कातळास घासतात, खाच रुंद व खोल होते. जसजशी ती खोल होते तसतसे आत पडलेले गोटे बाहेर पडणे कठीण होते, आणि ते पुढच्या पुरात पुन्हा फिरतात. घासता घासता गोटेही झिजतात व गोल होतात. ते संपले की नदी नवे गोटे आणून टाकते. वर्षाचे बहुतेक दिवस हे काम जवळजवळ बंद असते; पुराचे थोडे दिवस ते जोरात चालते.

हे सर्व शिक्षकाने सांगण्याआधी एखाद्या आजीस विचारावे, ‘आजी, जाते का झिजते?’ जिने वर्षानुवर्षे पहाटे उठून दळण दळले आहे तिला हा प्रश्न सोपा आहे. तळी आणि पाळी दोन्ही झिजतात, पीठ जाडसर पडू लागते, आणि मग पाथरवटाला बोलावून जात्याला टाकी लावावी लागते. जाते हे याच काळ्या दगडाचे असते. वरच्या पाळीच्या जागी गोटा आणि हाताच्या जागी पाणी कल्पिले की खळगा समजतो. कित्येक मुलांनी जाते केवळ लग्नातील हळदीच्या वेळी पाहिलेले असते. म्हणून आजीने हात गोल फिरवून दाखविलेले दळण आणि समोरचा खळगा ही दोन्ही एकदम नजरेसमोर असणे महत्त्वाचे आहे. सुरक्षित, कोरड्या अशा एखाद्या लहान खळग्यातील गोटे काढून मुलांना हाताळू द्यावेत व ते पुन्हा तेथेच ठेवावयास सांगावे. ते नदीचे अवजार आहे. बरोबर नेले तर तेवढे काम थांबते.

कुकडीच्याच काठी, निघोजच्या वरच्या अंगास, जुन्नर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. तेथील दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला आहे व त्या परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली आहेत. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असून सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात वाऱ्याबरोबर आली, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या कालनिर्णयाबद्दल वादही झाला आहे. कुकडी ज्या घोड नदीस मिळते तिच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. ती माणसे सातू पिकवीत. नदीकाठी राहून शेती करणारी आपण पहिली माणसे नव्हेत, हे मुलांना सांगण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. परंतु सहलीच्या दिवशी याचा उल्लेख दोन वाक्यांत करून थांबावे. बाकीचे वर्गात सांगता येते.

मोजमापाचे एक काम मुलांना अवश्य द्यावे. जेथे पात्र सरळ व उथळ आहे तेथे काठाने दहा मीटरचे अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा तुकडा वरच्या खुणेपाशी पाण्यात टाकून तो खालच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत येतो ते पाहावे. वीस सेकंद लागले, तर पाणी सेकंदास अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर वेगाने जात आहे. हा वेग पृष्ठभागाचा झाला. तळाशी व काठाशी पाणी घर्षणामुळे सावकाश जाते. मधून आणि काठाजवळून असे दोन तुकडे एकदम सोडले की ते न सांगता कळते. पाचवीच्या मुलांना हा गणिताचा तास वाटत नाही. बरणीत गढूळसर पाणी भरून न्यावे व वर्गाच्या खिडकीत ठेवावे. दुसऱ्या दिवशी तळाशी वाळू, तिच्यावर बारीक गाळ आणि त्यावर अद्याप न निवळलेले पाणी दिसेल.

पक्ष्यांची यादी करण्याच्या नादी लागू नये. तीन-चार पक्षी नीट पाहिले तरी पुष्कळ झाले. ओल्या दगडांवर शेपटी खालीवर हलवीत धावणारा काळा-पांढरा धोबी येथील कायमचा रहिवासी. हिवाळ्यात त्याचे करडे व पिवळसर भाईबंद उत्तरेकडून येतात आणि चैत्राच्या सुमारास परततात. कवड्या खंड्या हवेत एकाच जागी पंख फडफडवीत राहतो व एकदम पाण्यात सूर मारतो; त्याचे घरटे मातीच्या दरडीत बिळ करून केलेले असते. चतुर नावाचा कीटक मुलांच्या परिचयाचा असतो, कारण त्याच्या शेपटीस दोरा बांधण्याचा खेळ अद्याप गेलेला नाही. त्याचे बालपण पाण्यात जाते आणि तेथे तो डासांच्या अळ्या खातो, हे कळल्यावर दोऱ्याचा खेळ काही प्रमाणात थांबतो, पूर्णपणे नव्हे.

लव्हाळ्यापाशी अवश्य थांबावे. तुकाराम महाराजांच्या अभंगामुळे हे नाव मुलांना पाठ असते, पण लव्हाळा ओळखता येत नाही. त्याचे पान हाताने वाकवून सोडून द्यावयास सांगितले की अभंगातील दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही.

टिटवी ओरडली म्हणजे एखादी बाई हमखास म्हणेल, की टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा पडतो. अशा प्रसंगी शिक्षकाची परीक्षा असते. ही अंधश्रद्धा आहे असे तोडून बोलल्यास ती बाई पुन्हा सहलीस येणार नाही, आणि तिचे मूलही शिक्षकाचे त्या दिवशीचे बोलणे विसरणार नाही. खरे आहे म्हणून मान डोलावणे हेही शिक्षकास शोभत नाही. मुलांनी ते विधान वहीत उतरून घ्यावे. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, खडे व ढेकळे यांच्यामध्ये अंडी घालते. अंडी कोठे दिसली, पाण्यापासून किती पावले दूर होती हे त्या वेळी दुरून पाहावे आणि पावसाळा संपल्यावर तालुक्याच्या पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहावे. एका वर्षाने काही सिद्ध होत नाही, हेही सांगावे. चार वर्षे मुले अशी नोंद ठेवतील, तर त्या बाईलाही तिचे कुतूहल वाटू लागेल.

काही गोष्टी पाहून मन खिन्न होते. त्या लपवू नयेत. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली जलपर्णी आज महाराष्ट्रातील अनेक नद्यांवर पसरली आहे. सांडपाण्याबरोबर येणारे पोषक क्षार तिला खत म्हणून मिळतात, आणि ती पाण्यावर झाकण घालते. जेथे वाळूचा उपसा झाला आहे तेथे वृद्ध माणसे हाताने दाखवितात, की पूर्वी वाळू येथपर्यंत होती. वाळूच्या कणांमधील जागेत पाणी साठून राहते व सावकाश झिरपून काठच्या विहिरींस मिळते. वाळू गेली की तो साठाही जातो. वाळू कोणी नेली हा प्रश्न मुले विचारतील. बरोबर आलेल्या मंडळींत त्या व्यवसायातील कोणी असू शकते. शिक्षकाने तेथे कोणाचेही नाव घेऊ नये, आणि विषयही बदलू नये. वाळू कशी येते, किती काळाने येते व का लागते एवढे शांतपणे सांगितले तरी ऐकणारे ऐकतात.

परतल्यावर लगेच निबंध लिहून घेऊ नये. दोन दिवसांनी प्रत्येक मुलास तीन प्रश्नांची उत्तरे लिहावयास सांगावी : मी काय पाहिले, घरच्या माणसाकडून काय कळले, आणि काय अजून कळले नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने स्वतःजवळ जपून ठेवावीत. पुढील सहलीची तयारी त्यांतून होते. वहीतील शब्द एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीस लावावेत, सांगणाऱ्यांच्या नावांसह. पुढील पालकसभेच्या दिवशी मागच्या बाकावरील काही माणसे तो कागद वाचण्यासाठी, किंवा कोणाकडून तरी वाचवून घेण्यासाठी, पुढे येतात.

आषाढात हीच मंडळी पुन्हा नेता आली तर न्यावीत. तेव्हा पात्राजवळ मुळीच उतरू नये; उंच काठावरून, कड्यापासून चांगले मागे उभे राहून पाहावे. रांजणखळगे दिसणार नाहीत. तांबूस पाणी त्यांच्यावरून जात असेल आणि पाण्याच्या आवाजाखाली, नीट कान दिल्यास, दगड दगडावर आपटल्याची जड घरघर ऐकू येऊ शकेल. ती ऐकल्यावर मुलांना माघातील आजीचे जाते आठवते का, ते विचारून पाहावे.